चहा आणि एकच पदार्थ

झाकणाच्या मधोमध तळहात टेकवून दाबायचं, अंगठ्याने एक कोपरा जरासा उचलायचा, आतली हवा फुस्स करून बाहेर आली की कोपरा परत बसवायचा. एवढं करून ताई समोर बसलेल्या बायांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "डब्यानं ढेकर दिला. आता तुमी नाय दिला तरी चालंल."

ज्यांच्या घरी किंवा शेजारी कधी डब्यांची पार्टी झाली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक बाई आपल्या ओळखीच्या बायांना घरी बोलावते. कंपनीची बाई येऊन प्लास्टिकचे हवाबंद डबे मांडते, ते कसे लावायचे आणि उघडायचे ते दाखवते. बाया आपापले डबे सांगतात, जिच्या घरी पार्टी झाली तिला एक डबा भेट मिळतो, आणि पुढची पार्टी कोणाकडे ते ठरवूनच सगळ्या उठतात. मध्ये चहापाणी असतं. हे 'चहापाणी' कंपनीतल्या कोणी कुठल्या शहरात बसून ठरवलं ते मला माहीत नाही, पण त्याने कर्जत-खालापूर पाहिलेलं नसणार.

माझं नेरळला झेरॉक्सचं दुकान आहे आणि एक जुनी व्हॅन आहे. आमच्या भागातली कंपनीची बाई म्हणजे ताई; त्या स्टेशनपलीकडच्या एका नव्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. माझ्या बायकोने त्यांच्याकडून डबे घेतले आणि त्या भरात माझी व्हॅन आणि मलाही त्यांना देऊन टाकलं. शनिवार-रविवारी दुपारी बायको दुकान बघायची आणि मी डबे भरून ताईंना गावोगाव न्यायचो. बाया आत बसायच्या, मी बाहेर ओट्यावर, घरातल्या आजोबांच्या सोबतीला. ओट्यावरही बशी येते, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. मला खायला आवडतं, हे माझ्याकडे बघून कोणालाही कळतं. तेव्हा या दोन तालुक्यांत ज्या बाईने माझ्या पोटावर सर्वांत जास्त अन्याय केला, तिच्याबद्दल मी हे लिहितोय हे ध्यानात असू द्या.

तशी सुरुवात फार चांगली झाली होती. माझ्या गाडीतून गेलेली पहिली पार्टी खालापूरकडच्या एका भातशेतीवाल्या गावात होती. नवा बांधलेला बंगला, पुढे मोठं अंगण, आणि अंगणात चूल मांडून त्या घरची सासू उभी. ताईंनी विचारलं, "हे काय? चहापाणी म्हनले होते ना?" सासू म्हणाली, "पाव्हन्या आल्यान् आन चाय पाजून धाडू व्हय? गावात तोंड दाखवाचं हाय आमाला." मटण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुकट होती, भात होता, आणि सगळ्यावर वाटीवाटीने सोलकढी. ताई म्हणाल्या, आधी डबे दाखवते. सासू म्हणाली, "डबे कुठं पलून जातान? जेवान निवतंय."

जेवण झाल्यावर ताईंनी सतरंजीवर डबे मांडले आणि बोलायला सुरुवात केली. मी खिडकीतून बघत होतो. निम्म्या बाया भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या, उरलेल्या सरळ आडव्या झाल्या होत्या. ताईंनी झाकण दाबलं, कोपरा उचलला, फुस्स झालं, आणि त्या म्हणाल्या, "डब्यानं ढेकर दिला." एक म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, "तो मीच दिला गं, बाय."

त्या दिवशी एकही डबा खपला नाही. उलट उरलेलं मटण बायांनी नमुन्याच्या डब्यांत भरून घरी नेलं. डबे आठवड्याने परत आले, पण हळदी-तेलाचा पिवळा रंग त्यांना कायमचा बसला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी तृप्त होतो आणि ताई कोरी ऑर्डरवही चाळत होत्या. चौक गावाच्या फाट्यापाशी त्या म्हणाल्या, "भाऊ, आजपासून चाय आन एकच पदार्थ." मी नकळत ब्रेक दाबला.

नियम करणं सोपं होतं. पण आपल्याकडच्या बायकांना एकच पदार्थ करा असं सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रणच. लोकांनी पळवाटा शोधल्या आणि ताईंना दर पार्टीला एकेक निवाडा द्यावा लागला. मिसळ एक धरायची की चार? पाव नसला तर एक. वड्याबरोबर चटणी? सुकी धरत नाय, ओली धरते. नेरळच्या एका कॉम्प्लेक्समधल्या बाईंनी इडली-सांबार केलं आणि म्हणाल्या की हा एकच पदार्थ आहे, हॉटेलातसुद्धा एकाच नावाने मिळतो. ताई म्हणाल्या, "इडली एक, सांबार दोन. कुठला तरी एक ठेवा." त्या बाई रागीट होत्या. त्यांनी सांबार ठेवलं. सगळ्या बाया कपातून सांबार प्याल्या आणि त्यावर चहा प्याल्या. मलाही ओट्यावर तेच आलं.

वाद टाळायला मग ताईंनी ठरवून टाकलं, सगळीकडे कांदेपोहे. महिनाभर शांतता होती. पुढे आम्ही कळंबला गेलो.

त्या घरात लग्नाची मुलगी होती, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं कारणही नव्हतं. मी ओट्यावर आजोबांशेजारी बसलो. आजोबांनी काय पाहिलं ते बघा. चांगली साडी नेसलेली एक परकी बाई गाडीतून उतरली, सोबत एक पोट सुटलेला गृहस्थ आहे, घरात बाया जमल्यात, आणि नात साडी नेसून पोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन निघालीय. त्यांनी सावरून बसत मला विचारलं, "शेती किती?"

"शेती नाही. दुकान आहे."

"सोताचं?"

"स्वतःचं."

"मुलगा काय करतो?"

"बारावीला आहे."

आजोबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "आमची पोर बी. कॉम. झालीया. जरा घाई होत नाय का?" बारावीनंतर बी. कॉम.ला घाला असं ते सुचवताहेत असं वाटून मी म्हणालो, "बघू, अजून वेळ आहे." त्यांनी माझ्यासाठी दुसरी बशी मागवली. एवढ्यात पुढच्या गल्लीतल्या आत्याबाई नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन धावत आल्या, आत शिरल्या, ताईंना कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "मग? पसंत हाय ना?" ताईंच्या हातात लोणच्याचा डबा होता. त्या म्हणाल्या, "पसंत सगल्यांनाच पडतो. झाकन घट्ट हाय."

मुलगी हसत सुटली म्हणून सगळा उलगडा झाला. आजोबांनी माझ्या हातातली दुसरी बशी अर्धी असताना काढून घेतली आणि ते नंतर माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवसापासून पोहे बंद झाले.

परत येताना मी जरा चिडूनच म्हणालो, "ताई, एवढा आटापिटा कशाला? खाऊ द्या ना बायांना. तुमचे डबे खपल्याशी मतलब." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एकीनं पाच पदार्थ केलं की दुसरीला सहा करायला लागतात, भाऊ. तिसरी सात करते. मग एक अशी असते का तिला एकपन जमत नाय. ती काय करते ठाव हाय? ती दार लावून बसते. तिच्याकडं कोन जात नाय आन ती कोनाकडं जात नाय." मला वाटलं, विक्री कमी होते म्हणून बोलतायत. तोवर मी एक गोष्ट पाहिली होती पण तिचा विचार केला नव्हता. ताई स्वतः कुठल्याही पार्टीत काही खात नसत. फक्त चहा घेत. कोणी आग्रह केला की म्हणत, "मला डबे दाखवायचेत, तोंड मोकलं पायजे."

इथे मी त्यांच्या टीव्हीबद्दल सांगितलं पाहिजे. डबे पोचवायला मी त्यांच्या दारात कितीदा गेलो असेन, पण आत कधी गेलो नाही. त्या दार अर्धं उघडून, स्वतः त्यात उभं राहून डबे घ्यायच्या. एकदा आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "कोन आलं गं? पाव्हना दारात उभा हाय? वडे टाक. खीर ठेव. पापड तल." मी कान टवकारले. ताई म्हणाल्या, "टीव्ही हाय," आणि दार लावलं. त्यांच्या घरी आजारी सासू आहे हे मी ऐकून होतो, पण आजारी माणसाला असा आवाज असेल असं मला वाटलं नाही. पुढच्या खेपेला टीव्हीवर पुरणपोळी आणि कटाची आमटी होती, त्याच्या पुढच्या खेपेला कोंबडी-वडे. मी बायकोला सांगितलं की त्या बिचारीच्या घरी दिवसभर स्वयंपाकाचेच कार्यक्रम लागलेले असतात, म्हणून तिला पदार्थांचा राग आहे. बायकोलाही ते पटलं.

त्या हिवाळ्यात पार्ट्या पळसदरीच्या बाजूला सरकल्या. एका आळीत ओळीने पार्ट्या झाल्या, आणि प्रत्येक पार्टीला मंदा नावाची एक बाई असायची. तिचा नवरा जवळच्या एका रिसॉर्टच्या बागेत कामाला होता. मंदा दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायची, सगळे डबे हातात घेऊन बघायची, आणि खायला आलं की म्हणायची, "माझा उपास हाय." शनिवारी मारुतीचा, रविवारी खंडोबाचा. एकदा एका घरी मुद्दाम तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू केले. मंदा म्हणाली, "आज निर्जली हाय," आणि भांड्यातलं पाणी गटागटा प्याली.

बाया हसल्या. ताई हसल्या नाहीत. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "जिला परत बोलवता येत नाय ती खात नाय, भाऊ." आणि पुढच्याच आठवड्यात भर पार्टीत त्यांनी विचारलं, "मंदा, पुढची तुझ्याकडं?"

मंदा म्हणाली, "माझ्याकडं काय हाय, ताई?"

"चाय हुईल ना?"

"चाय हुईल."

"मग झालं. एकच पदार्थ. घरात असंल तो."

"घरात करांदे हायत. मामंजींनी डोंगरातनं खनून आनलेत. तेच उकडू शकते."

एक बाई म्हणाली, "करांदे? पार्टीला?" करांदे म्हणजे रानातले कंद. थंडीत उकडून मीठ लावून खातात, गरिबाघरी पोटाला आधार असतो. ताईंनी त्या बाईकडे बघितलं आणि निवाडा दिला, "नियमात बसतात."

मंदाचं घर आळीच्या शेवटी, डोंगराच्या पायथ्याशी, एक खोली आणि पडवी. आम्ही पोचलो तर ताई आत न जाता उंबरठ्यावरच बसल्या. मला कळेना. मग एकेक शेजारीण यायला लागली तसं कळलं. मंदावर त्या सगळ्यांची माया होती आणि मायेला आवर नव्हता. प्रत्येकीने मदत म्हणून काहीतरी आणलं होतं, आणि प्रत्येकीने ते पदराखाली लपवलं होतं.

"काय हाय पदराखाली?"

"काय नाय, ताई. सर्दी झालीया म्हनून पदर घेतलाय."

"सर्दीला तुपाचा वास येतोय. काढ."

शिरा निघाला. दुसरीकडून चकल्या निघाल्या, तिसरीकडून गुलाबजाम. एकीने पिशवीत खाली वांगी, वर मेथी आणि मध्ये श्रीखंड आणलं होतं. "मंदीला मदत होईल म्हनून," त्या म्हणायच्या. ताई हळू आवाजात म्हणायच्या, "तुमच्या शिऱ्यापुढं तिचं करांदं कोन खाईल?" सगळा माल त्यांनी नमुन्याच्या डब्यांत भरला, पिवळ्या डब्यांत चकल्या आणि चांगल्या डब्यांत गोड, प्रत्येकाला ढेकर द्यायला लावला आणि माझ्याकडे दिला. मी ते डबे घेऊन व्हॅनमध्ये बसलो. गुलाबजाम माझ्या मांडीवर होते. एक झाकण उघडलं असतं, पण परत लावताना फुस्स झालं असतं आणि ताईंचे कान तिखट होते. मी त्या डब्यांतलं काही खाल्लं नाही, हे माझ्या बायकोला आजही खरं वाटत नाही.

मग मला आतून करांदे आले, पळसाच्या पानावर, गरम, शेजारी मीठ. मी पडवीच्या कडेला बसून खात होतो. आत कोणीतरी विचारलं, मीठ दुसरा पदार्थ धरायचं का. ताई म्हणाल्या, मीठ धरत नाय. आणि मग मंदाने सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःच्या पानावर एक करांदा घेतला, सोलला, आणि सगळ्यांच्या मध्ये बसून खाल्ला. तिला खाताना त्या आळीने पहिल्यांदाच बघितलं असेल.

करांदा संपवून मंदा उठली आणि एक पान घेऊन ताईंसमोर आली. "ताई, घ्या."

"मी नाय खात गं. चाय दे."

मंदा तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुमचापन उपास हाय?"

ताईंकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. चटणीला होतं, सांबाराला होतं. या प्रश्नावर त्यांनी नुसती कपबशी पुढे केली. मंदा म्हणाली, "आमच्या सगल्यांच्या घरी झाली. तुमच्या घरी कदी, ताई?" आणि मग ताई ज्या आवाजात बोलल्या तो मी आधी ऐकला नव्हता. "घेईन," त्या म्हणाल्या. "पुढची माझ्या घरी."

बायांना केवढा आनंद झाला. बातमी पळसदरीहून कळंबला आणि तिथून खालापूरला गेली. ताईंच्या घरी पार्टी आहे आणि त्या काय करणार, यावर पैजा लागल्या. पण पार्टी काही होईना. आधी ताईंच्या इमारतीला पाणी येत नव्हतं. मग घराला रंग द्यायचा होता. मग नवऱ्याची पाळी बदलली. त्यांचा नवरा खोपोलीच्या एका कंपनीत होता, कमी बोलणारा माणूस. मंदा मला फोन करून विचारायची, "कदी हाय?" मी ताईंना विचारायचो. त्या म्हणायच्या, "सबूद दिलाय ना? मग घेनार." पण त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या. त्या शब्दापायी त्या वाळत चालल्या होत्या, हे मला दिसत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

आंब्यांना मोहोर आला त्या सुमारास त्यांच्या सासूबाई गेल्या.

बातमी मोबाइलवरून सगळीकडे पोचली. मंदाचा फोन आला, "भाऊ, गाडी घेऊन या, आमी भेटायला येतो." मी पळसदरीला गेलो. मंदा गाडीत बसली तेव्हा तिच्या मांडीवर एक डबा होता. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, भेटायला जाणारे पिठलं-भात नाहीतर भाकरी घेऊन जातात. मी विचारलं, "काय आणलंय?" ती म्हणाली, "पिठलं. एकच पदार्थ." पुढची बाई चढली, तिच्याकडे डबा होता. "काय?" "पिठलं." तिच्या पुढचीकडेही पिठलं होतं. कर्जतच्या नाक्यावर आणखी दोघी थांबल्या होत्या. मी विचारायचं सोडून दिलं. गाडीभर पिठलं होतं आणि जरासुद्धा वास येत नव्हता. डबे खरंच चांगले होते.

नेरळला पोचलो तर इमारतीच्या दारात कळंबच्या बायांचा टेंपो उभा होता आणि त्या पिठल्याचे डबे उतरवत होत्या. खालापूरची सासू रिक्षातून उतरली. तिच्याही हातात पिठलं होतं आणि मटण करता आलं नाही म्हणून चेहरा पडलेला होता. माझी बायको आधीच आत होती. तिने काय आणलं होतं ते सांगत नाही.

मी पहिल्यांदा त्या घरात पाय ठेवला. एकच खोली, आणि खोली व्यापून एक खाट. टीव्ही नव्हता. कुठेच नव्हता. मी चारी भिंती बघितल्या आणि बाहेर ताईंच्या नवऱ्याजवळ येऊन उभा राहिलो.

तो आपणहून बोलला. "आईला समजत नव्हतं काही. पण दारात कोणी आलेलं तिला बरोबर कळायचं. कोणी आलं की तिचा स्वयंपाक सुरू व्हायचा. वडे टाक, खीर ठेव. पाव्हना जेवला का, पाव्हना जेवला का, असं रात्रंदिवस. शांत व्हायची नाही, जेवायची नाही. ही रिकामी ताटं वाढून दाखवायची, भाजी-भाकरी मांडायची. आई बघायची आणि रडायची. माझ्या घरात पाव्हन्याला एकच पदार्थ, असं म्हणायची." त्याने दारातल्या चपला बाजूला सारल्या. "म्हणून कोणाला बोलावलंच नाही कधी. हिला फार वाटायचं."

मला तो दारात अर्धं अंग आडवं घालून उभ्या असलेल्या बाईचा चेहरा आठवत होता. मला वाटायचं तिला टीव्हीतल्या वड्यांचा राग आहे, आणि ती दारात माणूस आला म्हणून घाबरत होती.

आत बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, दारापर्यंत आणि दाराबाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर. डबे ठेवायला जागा नव्हती म्हणून ते रिकाम्या खाटेवर ठेवत गेल्या. निळे, गुलाबी, हिरवे, एकावर एक, खाट भरून गेली. ताई भिंतीशी बसल्या होत्या. ताईंची नजर खाटेवर फिरत होती. मग त्या उठल्या, एका डब्याजवळ गेल्या, त्याचं झाकण एका बाजूने नीट बसलं नव्हतं. त्यांनी मधोमध तळहात दाबला, अंगठ्याने कोपरा उचलला. त्या शांततेत फुस्स असा आवाज झाला.

खालापूरच्या सासूने तोंडावर पदर धरला. तिचे खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. मंदा म्हणाली, "ताई, आमी सगल्या आलो. तुमच्या घरची झाली."

ताई उभ्याच राहिल्या. त्यांनी खाटेकडे बघितलं, बायांकडे बघितलं. "एकच पदार्थ हाय?" त्यांनी विचारलं.

"एकच हाय. सगल्यांचा एकच."

मग त्यांना रडू फुटलं. सासूसाठी रडल्या होत्या की नाही मला माहीत नाही, पण हे रडणं मोठं होतं. मंदाने त्यांना धरलं. रडता रडता त्या म्हणत होत्या, "चाय राह्यली गं. तुमच्या सगल्यांची चाय प्यालीय मी. माझी चाय राह्यली." सुतकाच्या घरी चहा विचारत नाहीत आणि घेत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं घर माणसांनी भरलं होतं आणि त्यांना गॅस पेटवता येत नव्हता. थोड्या वेळाने बाया उठल्या आणि रीतीप्रमाणे "येते" न म्हणता निघून गेल्या.

तेरावं झालं आणि महिन्याच्या आत ताईंच्या नवऱ्याला कंपनीने गुजरातेतल्या नव्या कारखान्यात पाठवलं. सगळं घाईत आवरावं लागलं. पार्टी राहिलीच. जाताना ताईंनी सगळे डबे घासून पुसून माझ्या व्हॅनमध्ये भरले आणि म्हणाल्या, "ज्याचा त्याला पोचवा, भाऊ." एरवी आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. पण सुतकाच्या घरचे डबे रिकामेच द्यायचे असतात.

मी पहिल्यांदा मंदाकडे गेलो. तिने डबा घेतला, झाकण काढून आत बघितलं, आणि डबा परत माझ्या हातात दिला. "रिकामा नाय घेत," ती म्हणाली.

"अगं, सुतकाचा आहे."

"सुतक फिटलं. ताईला सांगा, चाय राह्यलीया ना तिची? मग ती येऊन भरून देल, तवा घेईन. तवर तुमच्याकडं ठेवा."

मी पुढच्या घरी पोचायच्या आत मंदाचा फोन तिथे पोचला होता. तिनेही डबा घेतला नाही. तिच्या शेजारणीनेही घेतला नाही. कळंबच्या आजोबांनी तर मला ओट्यावरूनच परत पाठवलं, अर्थात त्यांची कारणं वेगळी होती. खालापूरच्या सासूने मला जेवू घातलं, चार पदार्थ, आणि डबा काही घेतला नाही. संध्याकाळी मी भरली व्हॅन घेऊन जसा गेलो तसा परत आलो.

ते सगळे डबे आता माझ्या दुकानात आहेत. कागदाच्या रिमांच्या वर, मशीनच्या मागे, खिडकीत. ताईंचा अधूनमधून फोन येतो. गुजरातेतल्या बाया फार खायला घालतात म्हणून त्या वैतागलेल्या असतात आणि फोन ठेवताना म्हणतात, "भाऊ, चाय राह्यलीय, ध्यानात हाय." आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेली माणसं वर बघतात आणि विचारतात, "डबे विकता का?"

"नाही हो," मी सांगतो. "चहा राहिलाय."